तिसरा तुकडा

गुरुवारी सकाळी सव्वानऊला ग्वेंडा प्राइकने भुशाच्या पोत्यातून लोहचुंबक वर काढला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "स्वच्छ. एक कपटासुद्धा नाही. खुशाल घाला कोंबड्यांखाली." शेडमधल्या कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. फक्त कोपऱ्यातल्या मशीनपाशी बसलेला आयव्हर मॅडॉक त्या लोहचुंबकाकडे पाहत राहिला.

त्या पोत्यात काहीतरी निघायला हवं होतं. मंगळवारपासून तो त्याच भरवशावर जेवत-झोपत होता.

आयव्हर बहात्तर वर्षांचा. उमेदीची सगळी वर्षं त्याने ह्युऑन नदीच्या काठी सफरचंदांची लाकडी खोकी ठोकण्यात घालवली. पुढे खोकी पुठ्ठ्याची झाली, कारखाना बसला, पण माणसाच्या हाताला लागलेली लाकडाची सवय थोडीच बसते. गावातल्या चार रिकाम्या म्हाताऱ्यांनी जुन्या शीतगृहात सुतारकामाची शेड काढली, तेव्हा पहिलं कुलूप उघडायला हाच होता. शेडमध्ये मुलांसाठी लाकडी कोडी बनत. एका चौकटीत गुबगुबीत वॉम्बॅट, काटेरी इकिडना, चोचीचा प्लॅटिपस असे तिथल्या रानातले सहा प्राणी एकमेकांच्या कुशीत अचूक बसवलेले. पोराने ते उपसायचे आणि परत लावायचे. ते कापायचं मशीन, म्हणजे सुईसारखं बारीक पातं वर-खाली पळवणारी विजेची करवत, ही आयव्हरची गादी. पातं आपल्या जागी पळत असतं, वळतं ते लाकूड, आणि लाकूड वळवणारे हात आयव्हरचे. वॉम्बॅटच्या ढुंगणाच्या गोलाईवर बाकीच्यांचा श्वास अडकायचा. आयव्हर तिथे पोचला की शेजारच्या बाकावरच्या सिरिलशी क्रिकेटवर भांडण उकरून काढायचा. दाखवायला, दुसरं काय.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र उजव्या हाताची दोन बोटं त्याचं ऐकेनाशी झाली होती. चहाचा कप तो आता डाव्या हाताने उचलायचा. ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, निदान त्याची तशी समजूत होती.

आता ग्वेंडाच्या नियमाचं सांगायला हवं. ग्वेंडा एकतीस वर्षं होबार्टच्या एका ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. पोट शिवून बंद करायच्या आधी सुया आणि बोळे मोजायचे, एक जरी कमी भरला तरी टाका घालायचा नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. चार वर्षांपूर्वी भाचीसाठी झुलता घोडा करायला म्हणून ती शेडमध्ये आली आणि सहा महिन्यांत सगळा कारभार तिच्याकडे गेला, कारण कागदपत्रं करायची म्हटली की बाकीच्यांना कंबरदुखी सुरू व्हायची. तिने येताच नियम घातला. पातं तुटलं की मशीन बंद. तुकडे गोळा करून भिंतीवरच्या पट्टीला लावायचे. तेरा सेंटिमीटर, म्हणजे अख्ख्या पात्याची लांबी, पुरे भरले तर एका कार्डावर चिकटवायचे, खाली तारीख, नाव आणि 'पूर्ण' असं लिहायचं. तुकडा कमी पडला तर तो सापडेपर्यंत काम बाजूला; आणि सापडलाच नाही तर ते काम शेगडीत.

आयव्हरला हा सगळा फार्स वाटायचा. "सिस्टर," तो मुद्दाम अदबीने म्हणायचा, "तुमचा नियम यायच्या आधी आम्ही दहा वर्षं खेळणी कापली. गेलं का कुणाच्या बोटात काही?"

"गेलं असतं तर तुला सांगायला आले असते का?" ग्वेंडा म्हणायची आणि कार्ड पुढे करायची.

मंगळवारी दुपारी आयव्हर चौथ्या कोड्याचा वॉम्बॅट कापत होता. लाकूड ह्युऑन पाइनचं, पिवळंधमक, मधासारख्या वासाचं. ही झाडं आता कुणाला तोडता येत नाहीत. नदीत बुडालेले जुने ओंडके निघतील तेवढंच मिळतं. आयव्हरने ही फळी नऊ वर्षं पलंगाखाली जपली होती आणि शेवटी गावातल्या शिशुगटासाठी काढली होती. पोटाच्या वळणावर बोटं थरथरली, लाकूड तिरपं दाबलं गेलं आणि पातं कडकन तुटलं. वरच्या चिमटीत एक तुकडा, खालच्या चिमटीत एक. पट्टीला लावले तर बोटाच्या पेराएवढं कमी. म्हणजे पातं दोन जागी तुटलं होतं आणि मधला, तिसरा तुकडा कुठेतरी उडाला होता.

त्याने गुडघ्यांवर बसून जमीन चाचपली. मशीनखालचा सगळा भुसा झाडून पोत्यात भरला. लोहचुंबक ग्वेंडाच्या ड्रॉवरमध्ये होता. तो मागणं म्हणजे दवंडी पिटणं. अकरा दिवसांचं काम आणि नऊ वर्षांची फळी शेगडीत जाणार, आणि वर सगळे विचारणार की आयव्हर, हल्ली पाती फार तुटतात तुझी, हात तर ठीक आहेत ना. मग त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. जुन्या मोडक्या पात्याचा पेरभर कपटा कातरला, दोन तुकड्यांच्या मधे बेमालूम चिकटवला आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं: पूर्ण. ग्वेंडाने पट्टीला लावून पाहिलं. तेरा सेंटिमीटर भरले. तिने सही केली.

तिसरा तुकडा भुशात गेला असणार, असं त्याने स्वतःला दोन दिवस बजावलं होतं. भुसा आता त्याच्या डोळ्यांदेखत स्वच्छ निघाला होता. जमिनीवर नाही, भुशात नाही, तर राहिलं काय? आणि मग त्याला आठवलं. वॉम्बॅटच्या पोटावर, पातं तुटलं तिथे, एक काळसर रेघ उमटली होती. करपल्याचा डाग समजून त्याने सवयीने त्यावर गोंद आणि भुसा लिंपला होता, घासून सपाट केला होता आणि वर तेल चोळलं होतं. तो करपल्याचा डाग नव्हता. पातंच होतं ते, आणि त्यानेच ते स्वतःच्या हाताने झाकून दिलं होतं.

चारही कोडी काल दुपारी शिशुगटाला पोचली होती. शिशुगट साडेनऊला उघडतो. पोरं दोन-अडीच वर्षांची, हातात येईल ते आधी तोंडात घालणारी.

"मी जरा पाती घेऊन येतो," तो उठत म्हणाला.

सिरिल म्हणाला, "काल तर डझनभर आणलीस. खातोस की काय?"

आयव्हरने उत्तर दिलं नाही. एरवी सिरिलला उत्तर दिल्याशिवाय तो दारातून जात नसे, म्हणून ग्वेंडाने चष्म्यावरून एकदा त्याच्या पाठीकडे पाहिलं.

रस्त्याला सफरचंदांच्या पेट्या भरलेले ट्रॅक्टर रांगेने चालले होते. तोडणीचे दिवस. त्यांच्या मागे मागे पिकअप रेटताना आयव्हरचा जीव टांगणीला लागला. आपण काय सांगायचं ते तो मनात जुळवत होता, आणि खरं सोडून सगळं जुळत होतं.

शिशुगट गावच्या सभागृहात भरायचा. चालवायची टॅमसिन; तिशीची, स्वतःची अडीच वर्षांची विनी सांभाळत आणखी दहा पोरं सांभाळणारी. आयव्हरला पाहून तिचा चेहरा फुलला. कोडी पोरांना किती आवडली ते सांगायला लागली. आयव्हरने तिला मधेच तोडलं. तेल नीट सुकलेलं नाही, पोरं तोंडात घालतात, म्हणून चारही दोन दिवस परत नेतो, असं तो म्हणाला.

"एवढ्यासाठी धावत आलात?" टॅमसिन म्हणाली. "तुमच्यासारखी काळजी कोण घेतं हो हल्ली."

ते आयव्हरला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

तिने चौकटी गोळा करून आणल्या. त्याने पहिल्या वॉम्बॅटच्या पोटावरून अंगठा फिरवला. सलग, गुळगुळीत. दुसरा, तसाच. तिसरा, तसाच. चौथ्या चौकटीत पाच प्राणी होते आणि मधोमध वॉम्बॅटच्या आकाराची रिकामी जागा.

"तो विनीकडे," टॅमसिन हसली. "काल हट्टाने घरी नेला. रात्री उशाशी घेऊन झोपली. जेवताना हातात, आंघोळीला हातात."

विनी टेबलाखाली बसली होती. अंगात आजीने विणलेला निळा स्वेटर, बाह्या पार बोटांवर आलेल्या. आयव्हर तिच्यासमोर गुडघे टेकून बसला. त्याने हात पुढे केला तशी तिने वॉम्बॅट पाठीमागे लपवला. तो नुसता हात तसाच धरून राहिला, आणि बोटं थरथरत होती. पोरीला बहुधा ते मजेशीर वाटलं. तिने वॉम्बॅट त्याच्या तळव्यावर ठेवला आणि बोटं कशी नाचतात ते पाहत बसली.

वॉम्बॅट ओला होता. पोट चघळून चघळून तेल उडालेलं. लिंपलेला गोंद निघून गेला होता आणि तिथे एक बारीक चीर उघडी पडली होती. चीर रिकामी होती.

इथे आयव्हरला निघून जाता आलं असतं, आणि ते त्याच्या मनात आलं हे लपवण्यात अर्थ नाही. वॉम्बॅट त्याच्या हातात होता. खिशात टाकायचा, चौकटी काखोटीला मारायच्या, गाडीत बसायचं. तुकडा विनीच्या घरी गादीखाली पडला असेल, न्हाणीत वाहून गेला असेल. कार्डावर 'पूर्ण' लिहिलेलं आहे आणि त्यावर ग्वेंडाची सही आहे. कुणाला काही कळण्याचं कारण नव्हतं.

विनीने स्वेटरची बाही तोंडात घातली आणि चघळायला लागली.

"टॅमसिन," आयव्हर म्हणाला, "तिचं तोंड बघ."

"काय?"

"तोंड उघडून बघ तिचं. जिभेखाली बघ. यात पात्याचा तुकडा होता. माझ्या मशीनच्या. आता तो नाहीये."

टॅमसिनला ते पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तिने पोरीला मांडीवर ओढून बोटाने जबडा उघडला. पोर भोकाड पसरून रडायला लागली. पोरांना सोडायला आलेल्या दोन आया धावत आल्या, त्यांनी आपापली पोरं उचलून भिंतीशी नेली. आयव्हरने शेडला फोन लावला. ग्वेंडाने उचलला. त्याने सगळं एका दमात सांगितलं. तिसरा तुकडा, खोटं कार्ड, लिंपण, विनी.

"जमिनीवर कुणाला चालू देऊ नकोस," ती म्हणाली. "आले."

सात मिनिटांत ती आली. एका हातात लोहचुंबक, दुसऱ्यात टॉर्च, खिशात चमचा. आयव्हरकडे तिने पाहिलंही नाही. विनीला तिने टेबलावर बसवलं, चमच्याच्या दांड्याने जीभ दाबली, हिरड्या, गाल, घसा, सगळं सावकाश पाहिलं. कुठे रक्त नाही, ओरखडा नाही. सकाळपासून खाल्लं काय, गिळताना रडली का, हे तिने टॅमसिनला अशा आवाजात विचारलं की टॅमसिनचेही हुंदके थांबले. मग ग्वेंडा सतरंजीवर ओणवी झाली आणि वीत वीत करत लोहचुंबक फिरवत गेली. एक केसाची पिन निघाली. एक टाचणी निघाली. तुकडा निघाला नाही.

"गिळला असेल तर?" टॅमसिन म्हणाली.

"तर होबार्टला जायचं आणि पोटाचा फोटो काढायचा. पाऊण तास लागेल. मी बरोबर येते." ग्वेंडा उठली. "कोट घाल तिला."

टॅमसिन पोरीच्या हातात कोटाची बाही चढवायला लागली. आयव्हर भिंतीला टेकून उभा होता. त्याला पाणी प्यावंसं वाटत होतं आणि कुणाकडे मागायची लाज वाटत होती. तेवढ्यात ग्वेंडा म्हणाली, "थांब." तिने विनीचा हात धरला आणि लोहचुंबक निळ्या स्वेटरवरून खांद्यापासून खाली सरकवत आणला. कोपर. मनगट. ओली, चघळलेली बाही.

टक्.

लोकरीच्या दोन टाक्यांमधून काळा, पेरभर तुकडा अर्धा बाहेर आला. त्याचे दाते लोकरीत अडकले होते आणि टोक आत, मनगटाकडे होतं. ग्वेंडाने तो नखांनी अलगद सोडवला. विनी तोपर्यंत रडायची विसरून लोहचुंबक मागायला लागली होती. टॅमसिनने पोरीला छातीशी घट्ट धरलं. आयव्हरच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्याने उजवा हात वर केला, आणि बोटं सगळ्यांसमोर थरथरली, तरी त्याने तो खाली घेतला नाही.

ग्वेंडाने खिशातून मंगळवारचं कार्ड काढलं. येताना ती ते घेऊनच आली होती. मधला खोटा कपटा नखाने खरवडून काढला आणि खरा तिथे ठेवला. तुटलेली टोकं एकमेकांना चपखल भिडली.

"अशी आणखी किती कार्डं आहेत?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"एवढं एकच. शपथ."

तिने मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, ते त्यातून कळलं नाही. पण टॅमसिनने ठेवला नव्हता. तिने चारही चौकटी एका पिशवीत भरल्या आणि त्याच्या पायाशी ठेवल्या. "गेल्या नाताळात तुम्ही दिलेली बदकं आईकडे आहेत," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तीपण पाठवते."

गाव लहान. रविवारी चर्चच्या पायरीवर, पेट्रोलपंपावर, बेकरीत हाच विषय होता. सोमवारी सकाळी शेडच्या दारात तीन पिशव्या होत्या, मंगळवारी अकरा. कुणी वाईट बोललं नाही. लोक पिशवी ठेवायचे आणि जायचे. तेच जास्त लागत होतं. चौदा वर्षांची त्याची कोडी लांब टेबलावर ढीग होऊन पडली. मासे, ट्रॅक्टर, नावांची अक्षरं, कुणाच्या बारशाला दिलेलं, कुणाच्या आजारपणात दिलेलं. मशीनची वायर कुणीतरी काढून गुंडाळून ठेवली होती. आयव्हरने ती कुणी काढली हे विचारलं नाही.

तो सकाळी आठला येऊन बसायचा आणि एकेक तुकडा लोहचुंबकाखालून काढायचा. मग एका वहीत लिहायचा, अमक्याचं कोडं, स्वच्छ. सिरिलने पहिल्या दिवशी एक विनोद केला, तो कुणाला झेपला नाही, तेव्हा त्यानेही गप्प बसून चहा आणून दिला. डाव्या हाताला ठेवला. म्हणजे सिरिललाही माहीत होतं तर.

बुधवारी दुपारपर्यंत चव्वेचाळीस कोडी स्वच्छ निघाली. आयव्हरला जरा धीर आला. निदान बाकीचं आयुष्य तरी आपण सरळ कापलं, असं त्याला वाटायला लागलं. पंचेचाळिसावं त्याच्या मुलीकडून, रोवेनाकडून आलं होतं. पाण्यातली कासवांची जोडी. थोरला नातू टेट वर्षाचा झाला तेव्हा केलेली, ग्वेंडा शेडमध्ये यायच्याही चार वर्षं आधी. टेटने त्या कासवांची शेपटं चघळून पांढरी केली होती. दात येत होते तेव्हा त्याला दुसरं काही चालायचंच नाही, ही घरातली लाडाची गोष्ट होती. आयव्हरने हसत हसतच लहान कासव उचललं आणि लोहचुंबकावरून नेलं.

टक्.

कासव लोहचुंबकाला चिकटून बसलं.

आयव्हरने ते ओढून सोडवलं. मग त्याने भिंग घेतलं. पायाच्या बेचक्यात, तेलाच्या जुन्या थराखाली, तांदळाच्या कणीएवढं काळं टोक होतं. त्याने पातळ चाकूने ते कोरून काढलं. त्याला तीनदा थांबावं लागलं. मग स्वतःच उठून ड्रॉवरमधून कोरं कार्ड आणलं, कपटा चिकटवला आणि खाली लिहिलं. कापणारा: आयव्हर मॅडॉक. काम: टेटची कासवं. बाकीचे तुकडे: माहीत नाही. अपूर्ण.

"ग्वेंडा," त्याने हाक मारली. चार वर्षांत पहिल्यांदा 'सिस्टर' न म्हणता.

ती आली. तिने कार्ड वाचलं, कासवावरचे बारीक दातांचे वळ पाहिले आणि मग टेबलावरचा उरलेला ढीग पाहिला. गावातून अजून परत न आलेली कोडी किती असतील, ती कोणत्या कोणत्या घरांत, कोणत्या पोरांच्या उशाशी असतील, हे तिच्याही मनात आलं असावं.

"आणखी किती असतील रे?" तिने विचारलं.

शपथ त्याच्या ओठांवर आली होती. ती त्याने गिळली.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

ग्वेंडाने शेजारचं स्टूल ओढलं, ड्रॉवरमधला दुसरा लोहचुंबक काढला आणि ढिगातलं पुढचं कोडं स्वतःसमोर घेतलं.